दिवसभर कन्नड, रात्री मराठी: लिहिण्याचा नेम कसा बसतो

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात असलेल्या खानापूर तालुक्यातल्या एका मुलीने विचारलं आहे. ती ग्रामपंचायतीत संगणकावर बसते, दिवसभराचं सगळं काम कन्नडमध्ये. घरी नवरा, सासूबाई, चार वर्षांची मुलगी. तिला कथा लिहायची आहे. मोठे लेखक पहाटे चारला उठून लिहितात असं वाचून तिने अकरा दिवस गजर लावला, तीन पानं लिहिली, बाराव्या दिवशी कामावर डोळा लागला आणि सगळं सुटलं. तिचे प्रश्न तीन आहेत. लेखकांचे नेम खरोखर काय असतात? असा नेम नसला तर लिहिता येतं का? आणि वहीत लिहावं की मोबाइलवर?

मी बेळगावच्या वडगावात राहते. एकतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं, आणि जवळजवळ तेवढीच वर्षं कथा लिहिते आहे. तू माझ्या मुलीच्या वयाची, म्हणून एकेरीतच बोलते.

तू ज्यांचं वाचलंस ते जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी असणार. कादंबरी हातात असली की ते चारला उठतात, पाच-सहा तास लिहितात, मग धावतात किंवा पोहतात. हे खरं आहे. पण तेच मुराकामी आधी टोकियोत जॅझचा बार चालवत होते. १९७९ साली आलेली पहिली कादंबरी त्यांनी बार बंद झाल्यावर, रात्री उशिरा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिली. पहाटेचं आयुष्य नंतर आलं, बार विकून ते पूर्णवेळ लेखक झाल्यावर. तू ज्या माणसाचा नेम उचललास तो दुकान विकलेला माणूस आहे. तुझं दुकान अजून चालू आहे. शिवाय चारला उठणारा हा माणूस रात्री नऊला झोपतो, आणि तुझ्या घरी नऊ वाजता भाकरी तव्यावर असते.

अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन यांचंही वाच. दोन मुलगे, एकटीचा संसार, प्रकाशनसंस्थेत संपादकाची नोकरी. पोरं उठायच्या आत जो वेळ मिळेल तो आपला, म्हणून त्या पहाटे लिहू लागल्या. पहाटेची शांतता वगैरे मागून आलं. तेव्हा कुणाचा नेम वाचलास की आधी विचारायचं, या वेळेला त्यांच्या घरात कोण झोपलेलं होतं आणि कोण जागं होतं? घड्याळाचा आकडा त्यातून निघतो. तो आकडा तेवढा उचलून आपल्या घरात आणला तर टिकत नाही.

तुझ्यासाठी माझ्या मते सगळ्यात उपयोगी माणूस अँथनी ट्रोलॉप. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार. अनेक वर्षं टपाल खात्यात नोकरी केली आणि सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा. त्याला उठवायला एक म्हातारा नोकर होता, त्या कामाचे वर्षाला पाच पौंड जास्तीचे मिळायचे त्याला. समोर घड्याळ ठेवून पंधरा मिनिटांत अडीचशे शब्द, हा त्याचा हिशेब सगळीकडे सांगितला जातो. पण त्याने स्वतः लिहून ठेवलेली दुसरी गोष्ट फार कुणी सांगत नाही. तीन तासांतला पहिला अर्धा तास तो नवं काही लिहीत नसे. आदल्या दिवशी लिहिलेलं वाचायचा, आणि शब्दांचा नाद कानाने तोलायचा. मग पुढे.

मला विचारशील तर लिहिण्याच्या नेमात हा अर्धा तास सोडून बाकी सगळं बदलता येतं. वेळ बदलता येते, जागा बदलता येते, चहा सोडता येतो. हा कानाचा भाग सोडता येत नाही. आणि आपल्या भागात तर मुळीच नाही.

का, ते सांगते. पुण्यातली एखादी बाई दिवसभर मराठीत बोलून रात्री मराठीत लिहायला बसते, तिला फक्त कामातून लिहिण्यात यायचं असतं. तुला एका भाषेतून दुसऱ्या भाषेत यायचं असतं. दिवसभर अर्जी, ई-स्वत्तू म्हणजे मिळकतीचे उतारे, कंदाय म्हणजे कर, रोजगार हमीच्या याद्या. बसमध्ये कंडक्टरशी कन्नड. घरी आल्यावर टीव्हीवर हिंदी. रात्री दहाला वही उघडली की हात मराठी लिहितो, कान मात्र अजून पंचायतीतच बसलेला असतो. शाळेत परिपत्रकं कन्नडमध्ये यायची आणि त्यांचं मराठी करून द्यायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. त्या काळातल्या माझ्या कथांच्या वह्या काढून बघितल्या तर वाईट वाटतं. एका कथेत नवरा-बायको रात्री अंगणात बसून बोलतात, आणि बायकोच्या तोंडी ‘सदर विषय’ आहे. तो ‘सदर’ परिपत्रकातून माझ्या पाठोपाठ घरी आला होता. मला वाटायचं, मी दमले म्हणून लिहिणं जड जातं. दमणं होतंच, पण खरं कारण असं की मी अजून माझ्या भाषेत पोचलेच नव्हते.

यात कन्नडला दोष नाही. अक्का, अण्णा, अप्पा हे शब्द आपल्याला कन्नडनेच दिले. धारवाडचे द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत आणि कन्नडचे थोर कवी झाले, ज्ञानपीठापर्यंत पोचले. त्याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी वर्षानुवर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, बाहेर सगळं कन्नड, आणि कागदावर त्यांची ती मराठी. जी. ए. जन्माने आपल्या चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे. दोन-तीन भाषांच्या मध्ये राहून लिहिणं ही आपली अडचण नाही, आपली नेहमीची रीत आहे. फक्त एका घरातून दुसऱ्या घरात जाताना उंबऱ्यावर थोडं थांबावं लागतं. लेखकांचे जे विधी म्हणून सांगतात, ते सगळे या उंबऱ्यापुरते.

आता मी काय करते ते सांगते.

बसल्यावर पहिली दहा मिनिटं काल लिहिलेलं शेवटचं पान मोठ्याने वाचते. मनात नाही, मोठ्याने. मूल झोपलं असेल तर पुटपुटत, पण ओठ हलले पाहिजेत. दुसऱ्या कुणाचं पुस्तक त्या वेळी वाचायचं नाही, कितीही आवडतं असलं तरी, कारण मग त्यांचाच आवाज तासभर हातात राहतो. स्वतःचं पान वाचताना जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य चुकलेलं असतं. तिथे दुरुस्ती करायला घेतली की हात आपोआप पुढच्या ओळीवर जातो. कोऱ्या पानासमोर बसून वाट बघण्याची वेळच येत नाही.

आमच्या वडगावात मागांवर जुना ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला की विणकर तो पूर्ण काढून टाकत नाही. टोकं ठेवतो, आणि नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या टोकाला वळून जोडतो. टोकं तोडली तर प्रत्येक धागा पुन्हा फणीतून ओवायचा, म्हणजे अख्खा दिवस गेला. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासरे हे काम करताना मी तासन्‌तास बघितलंय. तू अकरा दिवस रोज टोकं तोडून उठत होतीस. गजर वाजला की नवं पान, नवी सुरुवात. म्हणून अकरा दिवसांत तीनच पानं झाली.

टोकं ठेवायची म्हणजे उठताना पुढची ओळ ठाऊक असली पाहिजे. अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वे असंच सांगत असे, पुढे काय होणार ते माहीत असतानाच थांबावं. मी वाक्य अर्धं सोडते आणि खाली पेन्सिलने दोन-चार शब्द टाकते: ‘मग दीर दारात’, ‘कंदील विझतो’. दुसऱ्या दिवशी तेवढं पुरतं. भरात असताना थांबणं जिवावर येतं, पण सकाळी डबा भरायचा असलेल्या बाईने भरातच थांबावं. आटून गेल्यावर थांबलीस तर उद्या आटलेल्याच विहिरीशी परत यायचं.

दुसरा माझा नेम दिवसाचा आहे, रात्रीचा नाही. रोज कानावर पडलेलं एक वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवायचं. बसच्या तिकिटामागे, हातावर, कुठेही. त्यात कन्नड असलं तर कन्नडसकट. ‘काय करायलास’, ‘यायलोय की’ हे ‘काय करतोस’, ‘येतोय’ असं करायचं नाही. माझ्या पहिल्या छापून आलेल्या कथेत एक म्हातारी होती, माझ्या आजीवरनं घेतलेली. आपल्याकडच्या बाया स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात हे तुला सांगायला नको. मी छापायची म्हणून तिच्या तोंडी ‘मी गेले हो बाई’ घातलं. आईने कथा ऐकली आणि म्हणाली, ‘ही कोण म्हातारी गं? आपल्यातली न्हवं.’ तिला शाळा चौथीपर्यंतची, पण तिचा कान माझ्यापेक्षा सच्चा होता. त्या दिवसापासून ऐकलेल्या वाक्यांची वही वेगळी ठेवते. निवेदन प्रमाण मराठीत करायचं की बोलीत, हे ज्याने त्याने ठरवावं. मी प्रमाणात करते. पण माणसं बोलायला लागली की ती खानापूरची असोत, निपाणीची असोत, त्यांच्याच तोंडाने बोलली पाहिजेत.

तुझा बसचा प्रवास त्यासाठी सोन्यासारखा आहे. बसमध्ये कथा लिहू नकोस, ऐक. कानातलं काढून ठेव.

पहाटेबद्दल आणखी एक. तुला पहाट हवीच असेल तर ती जपानातून आणायची गरज नाही, ती आपल्या घरातली आहे. जात्यावरच्या ओव्या पहाटेच रचल्या गेल्या. बाया कोंबड्याच्या बांगेला उठून दळायला बसत, खुंट्यावर हात फिरायला लागला की शब्द येत. आधी हात चालायचा, मग ओवी. प्रेरणेची वाट बघत जातं थांबवून कुणी बसत नसे, कारण भाकरीचं पीठ व्हायचं होतं. मला वाटतं, लिहिण्याच्या नेमाबद्दल मला सगळ्यात जास्त माझ्या आजीच्या जात्याने शिकवलं. हाताचं साधं काम, ठरलेली जागा, आवाजाची एक लय. आजही कथा अडली की मी तांदूळ निवडायला घेते किंवा शेंगा फोडते, आणि जेवढं लिहिलंय तेवढं तोंडाने म्हणत राहते. लसूण सोलताना माझ्या दोन कथांचे शेवट सापडलेत. तुझे हात घरकामात अडकलेले असतात ती वेळ लिहिण्यातून वजा धरू नकोस. फक्त त्या वेळी टीव्ही बंद ठेव.

उदबत्ती, ठराविक पेन, ठराविक कप, असलं काही करावं का? करावं, पण चहा उकळायला लागतो त्याहून जास्त वेळ त्यात जाऊ नये, आणि ती वस्तू नसली तरी लिहिता आलं पाहिजे. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ एका विशिष्ट शाईनेच लिहीत. ती शाई बाजारातून गेली, आणि त्यांचं लिहिणंही गेलं. फार गुणी माणूस होता, त्याचं मला अजून दुःख आहे. उलट टिळकांचं बघ. मंडालेच्या तुरुंगात त्यांना शाई नव्हती, सुटे कागद नव्हते. बांधलेल्या वह्या, त्यांची पानं मोजलेली, आणि पेन्सिल. १९१०-११ च्या हिवाळ्यात, चार-पाच महिन्यांत, त्यांनी ‘गीतारहस्य’ त्या पेन्सिलीने लिहून काढलं. मी पेन्सिल वापरते ती तेव्हापासून, म्हणजे हे वाचल्यापासून. वीज गेली, हात ओले असले, पाऊस आत आला, तरी पेन्सिल चालते, आणि खानापूरच्या पावसाळ्यात हे तुला मोलाचं आहे.

जागेचा प्रश्न बायकांना जास्त छळतो. माया अँजेलो या अमेरिकन लेखिकेने त्यासाठी गावातल्याच हॉटेलात महिन्याच्या भाड्याने खोली घेतली होती. भिंतीवरची चित्रंसुद्धा काढायला लावायच्या. शब्दकोश, बायबल, पत्त्यांचा कॅट घेऊन सकाळी साडेसहाला जायच्या आणि दुपारपर्यंत लिहायच्या. आपल्याला हॉटेलची खोली नाही परवडत, पण त्यातलं मर्म घेता येतं. जिथे बसशील तिथून घरातलं काम दिसता कामा नये. मी पहिली बारा वर्षं स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर वही ठेवून लिहिलं, पण भिंतीकडे तोंड करून. शेगडी पाठीमागे. दुपार मोकळी मिळाली तर बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायची. १८४८ पासूनचं वाचनालय आहे ते, आणि तिथे बसून लिहिणाऱ्या बाईला कुणी ‘काय करतेस’ विचारत नाही. तुझ्या गावात शाळेची खोली असेल, देवळाचा सभामंडप असेल. रविवारी एक तास तिथे बसून बघ.

आणि घरात सांगून बस. चोरून लिहू नकोस. ‘अर्धा तास लिहायला बसते’ असं सासूबाईंना स्पष्ट सांग. पहिले आठ-पंधरा दिवस हाका येतील. मग त्यांनाच सवय होते, आणि एक दिवस त्याच म्हणतात, ‘आज बसली नाहीस व्हय गं?’ माझ्या सासूबाई असं म्हणाल्या त्या दिवशी माझा नेम खऱ्या अर्थाने बसला. जो नेम घरातल्या दुसऱ्या माणसाला ठाऊक असतो तोच मोडताना जड जातो. एकादशी टिकते ती काय फक्त पोटाच्या जोरावर?

किती लिहायचं? तास मोजू नकोस, ओळी मोज. अर्धं पान ठरव, साधारण दीडशे शब्द. वर्षाचे दोनशेच दिवस जमलं असं धर, कारण आजारपणं, पाहुणे, लग्नं सुटत नाहीत. दोनशे दिवसांचे तीस हजार शब्द होतात. तीन हजार शब्दांची एक कथा म्हटली तर दहा कथा. एका वर्षात दहा कथांचा कच्चा खर्डा हातात असणाऱ्या बाया मी फार कमी पाहिल्यात. कॅलेंडरच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाशेजारी, लिहिल्या दिवशी एक ठिपका दे. एक चौकोन कोरा गेला तर जाऊ दे. सलग दोन जाऊ देऊ नकोस, कारण तिसऱ्या दिवशी कालचं पान परक्या बाईने लिहिल्यासारखं वाटतं. दोन जाणारच असतील तर दुसऱ्या दिवशी नुसतं वाचून ठिपका दे. तोही ठिपका खरा.

वर्षभर एकच नेम चालेल असंही समजू नकोस. सुगीत आणि गणपतीत मी नवीन लिहीतच नाही, फक्त ऐकलेली वाक्यं टिपते. ते दिवस माणसांचे असतात, घरात पंधरा तोंडं बोलत असतात, तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसणारी बाई लेखक म्हणूनसुद्धा नुकसानच करून घेते. माझं मोठं लिहिणं आषाढ-श्रावणात होतं. पाऊस धरलेला, बाहेर जायचं नाही, वीज गेली की मागही बंद. वडगाव असं गप्प झालं की मला लिहायला बळ येतं.

हे सगळं वाचून ‘तुम्हाला जमलं, माझ्यामागे लहान मूल आहे’ असं मनात येईल, म्हणून इंदिरा संत यांची आठवण देते. आपल्या बेळगावच्या. १९४६ साली पती गेले, पदरी लहान मुलं, शिकवण्याची नोकरी. त्यानंतर १९५१ मध्ये ‘शेला’, १९५५ मध्ये ‘मेंदी’, १९५७ मध्ये ‘मृगजळ’. बेळगावात त्या कविता लिहिल्या जात होत्या हे मला विशीत कळलं, तेव्हा मी रडले होते. लिहिणारी बाई पुण्या-मुंबईतच असते असं तोवर वाटायचं.

राहिलं वही की मोबाइल. पहिला खर्डा वहीत. मोबाइल तुझी भाषा सुधारून देतो, हे त्याचं कारण. ‘यायलोय’ टाइप करायला गेलीस की तो ‘येतोय’ पुढे करतो, आणि दमलेला अंगठा ते मान्य करतो. शिवाय एका बोटाच्या अंतरावर कन्नडचा कीबोर्ड आणि पंचायतीचा ग्रुप असतो, म्हणजे जिथून आलीस तिथेच परत. पक्की प्रत मात्र टाइपच कर, कारण आता कथा तशाच मागतात. वही साधी आखीव घे, शंभर पानी. जाड, सुंदर वही घेतलीस तर वाईट वाक्य लिहायची भीती वाटेल. अक्षर मोठं काढ. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात, लेखनाच्याच समासात, सांगून ठेवलंय की तरुणपणी फार बारीक लिहिलेलं म्हातारपणी कामाला येत नाही, मध्यम लिहावं. माझ्या विशीतल्या वह्या आता मला भिंगाशिवाय वाचता येत नाहीत.

तुझी ती तीन पानं टाकू नकोस. आज रात्री फक्त तिसरं पान काढ, मोठ्याने वाच, जीभ अडखळेल तिथे पेन्सिलने खूण कर आणि झोप. उद्या त्या खुणेपासून अर्धं पान. थंडीत कडोली, उचगाव, येळ्ळूर या गावांची साहित्य संमेलनं असतात, त्यातल्या एखाद्याला मी असतेच. तोवर कथा झालेली असली तर वही घेऊन ये, मला वाचून दाखव. मोबाइलवरनं नको, वहीतूनच.